खुरपं हातात, पण सातबारा कुणाच्या नावावर?



गेल्या महिन्यात उमरोळी स्टेशनवर लोकलची वाट बघत उभा होतो. आपल्या विहारात येणाऱ्या एका तरुणाने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. मुंबईतली एक संस्था 'शहरी शेती' शिकवणार होती. तीन महिने, दर शनिवार-रविवार, सामुदायिक बागेत काम करत करत शिकायचं आणि वर फी भरायची. हा मुलगा तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. त्याची आई मराठवाड्यात दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करत होती. तो म्हणाला, "दादा, करू का? आई म्हणते, मातीतनं सुटावं म्हणून आम्ही गाव सोडलं, आणि तू पैसे भरून माती उकरायला चाललास?"

तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर राहून गेलं. पण प्रश्न एकट्या त्याचा नाही. बोईसर, पालघर, विरारच्या चाळींमधून आणि नव्या इमारतींमधून आपली अनेक मुलं या 'शहरी शेती'कडे वळू लागली आहेत. कुणाला आवड आहे, कुणाला कंत्राटी नोकरीचा भरवसा नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. शेती जरूर शिकावी. पण राबणाऱ्याला मोबदला काय, जमीन कुणाची आणि निर्णय कोण घेणार, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय शिकू नये. हे प्रश्न मी मनाने काढलेले नाहीत. ते आपल्या इतिहासातून आलेले आहेत.

शेती आपल्याला येत नव्हती का?

'शेती शिकणं' हा शब्द ऐकला की आधी हाच प्रश्न पडतो. या देशात नांगरणी, लावणी, खुरपणी, कापणी, मळणी कुणी केली? शेण कुणी उचललं, मेलेलं जनावर कुणी ओढलं? गावातल्या शेताच्या हद्दीचा वाद झाला तर महाराची साक्ष महत्त्वाची मानली जायची, कारण कुठला बांध कुठून कुठे जातो हे त्यालाच माहीत. ज्याला गावाची इंच न् इंच जमीन पाठ होती, त्याच्या वाट्याला तिचा तुकडा आला तो वतनाच्या नावाखाली, आणि त्या तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती मागितली ती याच गुलामीविरुद्ध. महार वतन कायद्याने संपायला त्यानंतर तीस वर्षं लागली.

म्हणजे ज्ञान आपल्याकडे होतं. त्या ज्ञानाला ज्ञान म्हणून मान नव्हता, मजुरी नव्हती आणि मालकी तर नव्हतीच. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पूर्ण केला. त्यात बंधारे, तलाव, जनावरांची जोपासना, शेतमालाची प्रदर्शनं आणि बक्षिसं अशा व्यवहारी सूचना आहेत. पण जोतीराव तिथे थांबत नाहीत. सरकारी खात्यात बसलेला भट कारकून, सावकार आणि कोर्टकचेरी शेतकऱ्याला कसे लुटतात हेही ते त्याच पुस्तकात मांडतात. शेती सुधारण्याचा उपाय आणि शेतकऱ्याला लुटणाऱ्यांचा हिशेब त्यांनी एकाच पुस्तकात ठेवला. आजच्या शहरी शेतीच्या वर्गात यातला पहिला भाग शिकवतात, दुसरा गाळतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

फार लांब जायला नको. उमरोळीहून गाडीत बसून उत्तरेला निघालं की तासाभराच्या आत डहाणू येतं. डहाणू, तलासरी आणि तेव्हाचा उंबरगाव तालुका इथल्या वारल्यांना शेती कुणी शिकवली? कुणीही नाही. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यावर भाताचं रोप वाढवायचं आणि मग लावणी करायची, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हातात होतं. जमीन मात्र सावकार आणि जमीनदारांच्या ताब्यात गेली आणि तेच वारली स्वतःच्याच जुन्या जमिनीवर वेठबिगार झाले. मालकाच्या शेतावर आधी फुकट काम करायचं, स्वतःचं पोट नंतर बघायचं.

२३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ठरवलं की यापुढे वेठ करायची नाही आणि दिवसाला १२ आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाय ठेवायचा नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. नेतृत्व कम्युनिस्टांचं होतं, आपल्या चळवळीचं नव्हतं. पण फुकट राबणार नाही ही मागणी आपलीच आहे, आणि ती या मातीत रक्त सांडून मिळवलेली आहे.

त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारल्यांची मुलं गुरं चारायला जायची म्हणून शाळेत येत नसत, तर यांनी शाळाच कुरणात नेली. तिला नाव दिलं कुरणशाळा. पुढे १९७६ मध्ये कोसबादला कृषी विज्ञान केंद्र सुरू झालं. देशातलं पहिलं असं केंद्र पुद्दुचेरीला १९७४ मध्ये निघालं होतं, म्हणजे कोसबादचं केंद्र अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी. या केंद्रांचं तत्त्व आहे करत करत शिकायचं. आज शहरात 'अप्रेंटिसशिप' म्हणून जे नव्याने विकलं जातं, ते आपल्या जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून सरकारी खर्चाने चालू आहे. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

कोसबादच्या कामाचं मोल मी कमी करत नाही. शिकणाऱ्याच्या कामाच्या जागी शिक्षण नेणं ही मोठी गोष्ट होती. पण शाळा कुरणात गेली तरी कुरण वारल्याचं झालं नाही. शिक्षण पोचलं म्हणून हक्क आपोआप पोचत नाही, हे आपण इथूनच शिकायला हवं.

टस्कीगी आणि दु बॉइस

हाच वाद अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये शंभर वर्षांपूर्वी झाला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगी संस्था उभी केली. शेती आणि हातकाम शिकवून काळ्या माणसाला पायावर उभं करायचं हा त्यांचा मार्ग. १८९६ मध्ये तिथे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. हा माणूस जन्माने गुलाम, शिकून वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. सतत कापूस घेऊन मेलेल्या जमिनीत भुईमूग, रताळं, चवळी लावा म्हणजे माती सुधारते आणि घरात खायलाही राहतं, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांना पटवलं. १९०६ पासून टस्कीगीची एक घोडागाडी अवजारं आणि बियाणं घेऊन शेतकऱ्यांच्या दारात जाऊ लागली. ही त्यांची कुरणशाळाच म्हणा.

पण डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०३ मध्ये वॉशिंग्टन यांच्यावर सरळ टीका केली. मतदानाचा हक्क, नागरी समानता आणि उच्च शिक्षण बाजूला ठेवून नुसतं हातकाम शिकवाल तर गोऱ्यांसाठी चांगले नोकर तयार होतील, स्वतंत्र माणसं होणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा. याच दु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य त्यांनी त्यात मांडलं होतं.

मग शेती वाईट का? तर नाही. मिसिसिपीतल्या फॅनी लू हॅमर यांचं उदाहरण घ्या. त्या मळ्यावर राबणाऱ्या बाई. १९६२ मध्ये मतदार नोंदणीचा प्रयत्न केला म्हणून मालकाने त्यांना मळ्यावरून हाकललं. १९६९ मध्ये त्यांनी फ्रीडम फार्म ही सहकारी शेती उभी केली. मताचा हक्क मागणाऱ्याचं अन्न तोडलं जातं, तेव्हा अन्न स्वतःच्या हातात पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. गरीब कुटुंबाला गाभण डुकरीण द्यायची आणि पिल्लं झाली की त्यातली काही परत घेऊन दुसऱ्या कुटुंबाला द्यायची, अशी त्यांची 'डुकरांची बँक' होती. पैशाअभावी ही शेती काही वर्षांत बंद पडली, हेही खरं. नुसत्या जिद्दीवर शेती टिकत नाही, भांडवल लागतं. आज डेट्रॉइट शहरात काळ्या लोकांची संघटना सार्वजनिक उद्यानातल्या जागेवर डी-टाउन फार्म चालवते आणि तिथे आपल्या लोकांना शेती शिकवते. शिकवणारे त्यांचे, निर्णय त्यांचा. शहरी शेतीचं हे रूप आपल्याला घ्यायचं आहे.

"बाबासाहेब तर शहरात जा म्हणाले होते"

हा आक्षेप मला आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकू येतो, आणि तो हलका नाही. खेडं म्हणजे आपल्यासाठी काय होतं हे बाबासाहेबांनी संविधान सभेत स्पष्ट सांगितलं होतं. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी तिथेच उत्तर दिलं.

पण म्हणून बाबासाहेबांनी शेतीचा प्रश्न सोडला का? १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर शोधनिबंध लिहिला. नुसतं क्षेत्र लहान म्हणून शेती तोट्यात जात नाही, त्या क्षेत्राला भांडवल, अवजारं आणि श्रम यांचं योग्य प्रमाण मिळतं की नाही यावर सगळं ठरतं, असं त्यांनी मांडलं. शेतीवर बसलेल्या जास्तीच्या माणसांना उद्योगात काम मिळालं पाहिजे हा उपायही त्यांनीच सांगितला. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती हा सरकारी उद्योग करावा आणि जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी अशी मागणी केली. १९५६ मध्ये आग्र्याच्या भाषणात खेड्यातल्या भूमिहीन मजुरांसाठी फार काही करता आलं नाही याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हेच दुःख मनावर घेतलं. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसं तुरुंगात गेली.

म्हणजे बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती गावातली गुलामी. जमीन त्यांनी कधीच सोडली नाही. त्या मुलाच्या आईने गाव सोडलं ते बरोबरच केलं. पण गाव सोडताना जमिनीवरचा आपला दावाही सोडला असं आपण कबूल करायचं कारण नाही.

गच्चीवरची शेती, आणि ती कोण करतं

आता मुंबईतल्या शहरी शेतीकडे येऊ. तिचा आजवरचा चांगला नमुना मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवरचा. २००२ मध्ये तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर गच्चीत भाज्या आणि फळझाडं वाढवायला सुरुवात केली. त्यामागे श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'चा विचार होता. दाभोलकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट वापरले तर पुरतात असं ते सांगत. बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध वाचलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. पण आपल्याला पुढचा प्रश्न पडतो: ते दहा गुंठे आणायचे कुठून?

पद्धत साधी आहे. उसाचं चिपाड, पाचोळा, स्वयंपाकघरातला कचरा यांचे थर. त्यावर अमृतजल: १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, १० लिटर पाणी, तीन दिवस रोज ढवळायचं आणि मग दहापट पाणी घालून वापरायचं. काही ठिकाणी हे शिकवताना गोमातेचं पावित्र्य सुरू होतं. तिथे सावध राहा. शेणात जिवाणू असतात, गुळावर ते वाढतात, म्हणून ते काम करतं. शेण हे खत आहे, प्रसाद नाही. आणि ज्यांच्या आया-आज्या शेणात हात घालत होत्या म्हणून त्यांना हलकं मानलं, त्यांनाच आज पाटावर बसून कुणी शेणाचं महत्त्व सांगत असेल तर तिथे बोललंच पाहिजे.

मी स्वतः मुंबईतल्या एका संस्थेच्या बागेत चार रविवार गेलो. शिकण्यासारखं पुष्कळ होतं. पण ओला कचरा निवडून, पाट्या भरून वर आणणाऱ्या दोन बाया होत्या. त्या सफाई कामगार. फोटो काढायची वेळ आली की त्या बाजूला. वाफ्यात काय लावायचं हे ठरवायच्या बैठकीत त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यातल्या एकीला मेथीला कीड का लागली हे आमच्या प्रशिक्षकाच्या आधी कळलं होतं. मी तिच्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "त्या आपल्या स्टाफ आहेत." गच्चीवरसुद्धा गाव कसं चढतं ते मी तिथे पाहिलं.

लोकलमधून दिसणारी रुळांलगतची भाजीही विसरू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेतून आलेली ही योजना. परवाना रेल्वे कर्मचाऱ्याच्या नावावर, आणि प्रत्यक्ष राबणारा अनेकदा परप्रांतातला मजूर. मुंबईतला खरा शहरी शेतकरी बहुधा तोच आहे. त्याच्यावर कुणी कार्यशाळा घेत नाही.

तर मग काय करायचं?

आपल्या भागातला एक व्यवहार आठवा. आयटीआय झालेला मुलगा तारापूरच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला की १९६१ च्या कायद्याने त्याला विद्यावेतन द्यावं लागतं. ते कमी असेल, पण शिकणारा माणूस कामही करतो हे कायद्याने मान्य केलं आहे. मग बागेत माती वाहणाऱ्या, पाणी घालणाऱ्या, खत ढवळणाऱ्या शिकाऊ माणसाने उलटी फी का भरायची? वर्गात बसून शिकवलं तर फी समजू शकते. पण माझ्या श्रमाने तुमची बाग पिकत असेल आणि मला त्यातलं काहीच मिळत नसेल, तर १९४५ मध्ये झरीला वारल्यांनी याच गोष्टीला वेठ म्हटलं होतं.

म्हणून कुठेही नाव नोंदवण्याआधी विचारा:

१. कामाचे तास किती, शिकवण्याचे किती? विद्यावेतन किंवा मालातला वाटा मिळणार का?
२. जागा कुणाची? लेखी करार आहे का, किती वर्षांचा?
३. कचरा कोण निवडतं, खत कोण वाहतं? सगळे आळीपाळीने करतात की ठरावीक माणसंच?
४. काय लावायचं आणि विकायचं हे ठरवताना शिकाऊंना मत आहे का?
५. शिकून झाल्यावर पुढे काय? प्रमाणपत्र की कसायला जागा?

उत्तरं समाधानकारक असतील तर जा, मन लावून शिका. नसतील तर आपणच सुरू करू. उमरोळीच्या आसपास विहारांची आवारं आहेत, सोसायट्यांच्या गच्च्या आहेत. शिकवायला कोसबादचं कृषी विज्ञान केंद्र आहे. आणि आधी आपल्याच वस्तीतल्या त्या आया आहेत, ज्यांनी वीस वर्षं खुरपणी केली. त्यांना पाहुणे म्हणून नका बोलावू, शिक्षक म्हणून बोलवा आणि मानधन द्या.

एक गोष्ट मात्र आधी करा. तारापूर औद्योगिक क्षेत्र २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण मूल्यांकनात देशात सर्वात वर होतं. आपल्या भागात भाजी लावण्याआधी माती आणि पाणी तपासून घेतलंच पाहिजे. नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात, पण शिसं आणि कॅडमियम त्यात नसतं. ती तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. पालेभाजी असे धातू शोषून घेते. शंका असेल तर पिंपात बाहेरची माती आणि खत भरूनच लावा. आणि माती खराब निघाली तर गप्प बसू नका. मग तो शेतीचा विषय राहत नाही, लढ्याचा होतो.

शेवटचा मुद्दा जमिनीचा. २००४ पासून राज्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची ती योजना. २०१८ मध्ये ती शंभर टक्के अनुदानावर आणली. कागदावर उत्तम. पण पालघरसारख्या जिल्ह्यात बुलेट ट्रेन, मालवाहू रेल्वेमार्ग आणि बिल्डर यांच्यामुळे जमिनीचे भाव कुठे गेलेत ते तुम्ही बघता. योजनेच्या दराने इथे जमीन विकायला कोण येणार? अणुऊर्जा प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवता येतात, तर भूमिहीनांसाठी सरकारी पडीक जमीन का काढता येत नाही, हा प्रश्न आपण जिल्हाधिकारी कार्यालयात विचारला पाहिजे. शेती शिकलेली शंभर मुलं हा प्रश्न घेऊन गेली तर "यांना शेती येते कुठे" म्हणून कुणी टाळू शकणार नाही. शहरी बागेत शिकण्याचा मला दिसणारा सर्वात मोठा उपयोग हाच आहे.

त्या मुलाला मी परवा भेटलो. त्याने वरचे पाच प्रश्न संस्थेला फोनवर विचारले. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडून फोन ठेवला गेला. येत्या रविवारी विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेतली माती आम्ही तपासायला पाठवतो आहोत. त्याची आई येणार आहे. ती म्हणाली, "आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा, मग खुरपं द्या माझ्या हातात."

तुमच्या वस्तीत असं काही चालू असेल तर जरूर कळवा.

जय भीम! नमो बुद्धाय!